चौकातल्या बोर्डावरची तीन नावं

केकचं भांडं वाळूच्या पातेल्यात बसवून मेरीने झाकणावर निखारे पसरले, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की घरात कुणीच कुणाशी बोलत नाहीये आणि तरी घर नुसतं गजबजून गेलंय. नवरा यशया गुरुजी ओसरीवर उभा राहून ख्रिस्ती देवळातल्या हंगामाच्या सणाचं भाषण मोठ्याने वाचत होता, ते मेव्हण्याला ऐकू जावं म्हणून. मेव्हणा श्रीमंत अंगणात ट्रम्पेट पुसता पुसता शीळ घालत होता, ती दाजींना ऐकू जावी म्हणून. आणि नणंद गोजरबाई तांदूळ निवडता निवडता पायाशी घुटमळणाऱ्या कोंबडीला सांगत होत्या, "काही मान्सं पाच वर्सं त्वांड दाखवत न्हाईत, आन् सनाच्या जेवनाला कशी बरूबर हजर हुत्यात, नाय गं?" ते मात्र सगळ्यांनाच ऐकू जावं म्हणून होतं.

कोंबडी काही बोलली नाही. भिंगारदिव्यांच्या घरात तेवढी तीच शहाणी होती.

श्रीमंत हा मेरीचा पाठचा भाऊ. नाव श्रीमंत आणि खिसा कायम फाटका, हे काष्टीत सगळ्यांना पाठ होतं. सात वर्षांपूर्वी त्याने गावच्या पतसंस्थेतून कर्ज काढून ब्रास बँड उभा केला. दोन लग्नसराया असा काही वाजवला की श्रीगोंद्यापासून दौंडापर्यंत लोक त्याच्या तारखा बघून मुहूर्त धरू लागले. मग एका हंगामाच्या सणाला त्याने देवळाच्या लिलावात उधारीवर बोकड बोलला, तो कापला, गावाला खाऊ घातला आणि आठवडाभरात बँडसकट खर्ड्याला निघून गेला. मागे राहिलं कर्ज, बोकडाची बाकी आणि दोन जामीनदार.

बोकडाची बाकी गुरुजींनी भरली. कर्ज मात्र त्यांच्या पगाराला झेपणारं नव्हतं. मग एप्रिल महिन्यात पतसंस्थेने बाजारतळाच्या चौकात पत्र्याचा बोर्ड लावला आणि पेंटरकडून त्यावर लाल अक्षरांत थकबाकीदारांची नावं काढून घेतली. श्रीमंत साळवे, कर्जदार. यशया भिंगारदिवे, जामीनदार. जेनिफर यशया भिंगारदिवे, जामीनदार. शनिवारी बैलबाजाराला सगळा तालुका लोटायचा, आणि चहा पिताना वाचायला चौकात दुसरं काहीच नव्हतं.

जेनिफर म्हणजे मेरीची पोर. मामाने बँड काढला तेव्हा ती नुकती अठराची झाली होती. आपली सही आता चालते, या गोष्टीने ती इतकी हरखली होती की कागद वाचायच्या आधीच तिने सही ठोकून दिली, आणि वर सहीखाली एक झोकदार रेघ ओढली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आज ती बी.कॉम. झालेली होती, तिला चौकाच्या कोपऱ्यावर एसटीडी बूथ टाकायचा होता. गाळा ठरला होता, टेलिफोनचा नंबर लागला होता, बँकेत कर्जाची फाईल गेली होती. आणि फाईल अडली होती ती नेमकी त्या बोर्डापाशी.

"म्हंजी बघ आता," गोजरबाई कोंबडीला सोडून मेरीकडे वळल्या, "तुज्या भावानं बुधवारी येऊन पैशे भरले. व्याजासकट. वरातीच्या रोशनाईची गाडी इकून. त्ये मी मानते. पर नाव कुटं गेलं? नाव हाय तितंच!"

हीच तर खरी गोम होती. पैसे फिटले होते, पावती घरात होती, आणि नाव जागच्या जागी होतं. बँकेचे राधाकृष्ण साहेब माणूस भला, पण सावध. "पावती खरी असेल हो, बाई," ते म्हणाले होते, "पण मी रोज त्या चौकात चहाला जातो. बोर्डावर नाव असताना मी सही केली, तर वरचे लोक मलाच जाब विचारायला उभं करतील. एक तर नाव पुसून आणा, नाही तर चेअरमनच्या तोंडून कबुली आणा. सोमवारपर्यंत थांबतो. मग फाईल परत जाईल आणि गाळा पुढच्या अर्जाला."

म्हणून काल, शनिवारी, मेरी आणि जेनिफर पतसंस्थेचे चेअरमन रंभाजीभाऊ यांच्या दारात गेल्या होत्या. भाऊंनी पावती उलटसुलट केली, चष्म्यातून पाहिली, चष्म्यावरून पाहिली.

"पैशे आले," ते म्हणाले. "नाव मार्चाच्या हिशेबानंतर निघंल. बोर्ड वर्साला एकदाच रंगवायचा, आसा नेम हाय."

"पण भाऊ, पोरीचं काम अडलंय."

"माज्या पोराची वरात अडली हुती तवा तुज्या भावानं नेम पाळला व्हय?"

मेरीने पावतीची घडी घातली. भाऊंच्या प्रशांतच्या लग्नात श्रीमंतने वरात वेशीपर्यंत आणली, तेवढ्यात लांबून दौंडच्या गाडीची शिट्टी ऐकली, आणि त्याला आठवलं की दौंडला दुसऱ्या लग्नाची सुपारी घेतलेली आहे. नवरदेव घोड्यावर, नवरी मागे, आणि बँड स्टेशनच्या दिशेने पळतोय, हे दृश्य काष्टीने डोळे भरून पाहिलं होतं. पुढची वरात एका हलगीवर गेली. भाऊ ते विसरले नव्हते, आणि गावाने त्यांना विसरू दिलं नव्हतं.

घरी परतताना जेनिफर चौकातून आली नाही. ओढ्याच्या अंगाने, बाभळीतून लांबच्या वाटेने आली, आणि मेरी तिच्या मागोमाग. ही वाट तिने कधीपासून धरलीय, हे मेरीने विचारलं नाही. पण वाटेवर पोरीच्या चपलेचे जुने ठसे तिला दिसले. आपल्या लेकीने आपल्याच गावात आडवाटेने चालावं, याचा तिला राग आला, भावाचा आला, आणि सर्वांत जास्त त्या लाल रंगाचा आला.

आता घरात तीन तट पडले होते. गुरुजींनी जिल्ह्याच्या उपनिबंधकाला तीन पानी अर्ज लिहून ठेवला होता. "महोदय, उपरोक्त विषयान्वये" इथून तो सुरू होत होता आणि त्याचं उत्तर यायला जेनिफरची पन्नाशी उजाडली असती. गोजरबाईंचं म्हणणं होतं की रॉकेलचा बोळा घ्यावा आणि स्वतःच पुसून यावं, कोण अडवतंय ते बघू. आणि श्रीमंत म्हणत होता, "अक्का, तू मला फकस्त भाऊंच्या जवळ जाऊ दे. मी त्यांचं मन जितून दावतो."

"तू काही जिंकू नकोस," मेरी म्हणाली. "तू जिंकायला लागलास की आम्ही हरतो."

"आगं पर—"

"श्रीमंता. ट्रम्पेट वाजव. तोंडात ट्रम्पेट असलं की बोलता येत नाही."

ओसरीवर भाषण थांबलं. गुरुजींना हसू आलं होतं आणि ते दाखवायचं नव्हतं, म्हणून ते मुद्दाम खाकरले.

*

देवळासमोर मांडव घातला होता. वेदीपुढे ज्वारीची कणसं, उसाच्या मोळ्या, लिंबांच्या पाट्या, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या असा सगळा हंगाम ओळीने मांडलेला, आणि मधोमध पाटावर मेरीचा केक. उपासना झाली, गीतं झाली. श्रीमंत आणि त्याच्याबरोबर खर्ड्याहून आलेली बँडची पोरं इतकी जोरात वाजवत होती की पाळकसाहेबांना आशीर्वाद दोनदा द्यावा लागला.

मग लिलाव. त्यासाठी निम्मं काष्टी यायचं. देवळातले लोक यायचेच, पण माळी, धनगर, मुसलमान, बाजारातले व्यापारी, सगळे यायचे. कारण हंगामाच्या लिलावात दोन रुपयांचं अंडं पन्नासाला जातं, आणि दुसऱ्याच्या खिशाला लागलेली आग फुकटात बघायला मिळते. पुढच्या खुर्चीवर प्रमुख पाहुणे म्हणून रंभाजीभाऊ बसलेले, पांढरा फेटा, मांडीवर हात. त्यांची नजर केकवरून हलत नव्हती.

याचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं. भाऊंना साखर झाली होती आणि त्यांच्या बायकोने घरातल्या गुळाच्या ढेपेलासुद्धा कुलूप लावलं होतं. पण देवळातून बोलीने घेतलेली वस्तू म्हणजे धर्मकार्य. दर सणाला भाऊ मेरीचा केक घ्यायचे, आणि घरी जाण्याआधी जीपमध्ये बसून, काचा वर करून, एकटे सगळा संपवायचे. भाऊंनी एकशेएक म्हटलं की वर कुणी जायचं नाही, हा रिवाज होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून सगळे पाळायचे.

लिहिलेला नियम वेगळा होता. लिलाव पुकारायचा मान गुरुजींचा. त्यांनी घसा साफ केला आणि दरवर्षीप्रमाणे आधी तोच वाचला: "देवळाची असो वा गावातल्या कोणत्याही संस्थेची, ज्याच्याकडे थकबाकी असेल, त्याने बोली बोलू नये. त्याची बोली धरली जाणार नाही." बोकडाची बाकी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजींनी हा नियम स्वतः लिहिला होता. त्यात मेव्हण्याचं नाव तेवढं घालायचं राहिलं होतं.

वाचताना त्यांनी श्रीमंतकडे पाहिलं नाही. श्रीमंतने ताठ मानेने दाजींकडे पाहिलं.

लिंबं गेली, भोपळे गेले, एक कोंबडी सुटून पाळकसाहेबांच्या झग्याखाली शिरली, ती तिथूनच विकली गेली. मग केक आला.

"एकावन्न," कुणीतरी रीत म्हणून म्हणालं.

"एकशे एक," भाऊ म्हणाले आणि फेटा सारखा करत अर्धे उठलेसुद्धा.

"दोनशे!"

भाऊ अर्धे उठलेले तसेच राहिले. आवाज बँडमधून आला होता. मेरीने मागे वळून पाहिलं. तिच्या भावाने हात वर केला होता, आणि त्याच्या तोंडावर तेच हसू होतं, जे दौंडची गाडी पकडताना होतं.

"आरं द्येवा," गोजरबाई म्हणाल्या.

श्रीमंत पाच वर्षं गावात नव्हता. भाऊंच्या एकशे एकाचा रिवाज त्याच्या माघारी पडलेला. त्याला एवढंच कळलं होतं की चेअरमनला हा केक जिवापाड आवडतो. मग तो आपणच घ्यावा आणि भरल्या मांडवात त्यांच्या हातात द्यावा, याहून चांगलं मन जिंकणं कुठलं? हे मेरीला क्षणात कळलं. आपल्या भावाचं डोकं कसं चालतं, हे तिला लहानपणापासून कळायचं, आणि आजवर कधी वेळेवर उपयोगी पडलं नव्हतं.

"अडीचशे," भाऊ म्हणाले. त्यांचे कान तांबडे झाले होते.

"चारशे!"

मेरी डोळ्यांनी खुणा करू लागली. श्रीमंतला वाटलं अक्का पाठिंबा देतेय. त्याने मान डोलावली आणि बोट वर केलं. "पाचशे!"

"मी तर चारशेच्या वर बोललोच न्हाई आजून!" भाऊ ओरडले.

"आपलीच बोली वाढवतोय ह्यो!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि मांडवात हशा उसळला. बँडच्या ढोलकऱ्याला राहवलं नाही, त्याने पाचशेवर एक दणका दिला. मग प्रत्येक बोलीवर दणका. सहाशे, धडाम. साडेसातशे, धडाम. पोरं खांबावर चढली. धनगरवाड्यातले म्हातारे उभे राहून फेटे उडवू लागले. मेरीला रडावं की हसावं कळेना, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, की तिला हसूच येत होतं. पाच वर्षं हे घर जणू श्वास धरून बसलं होतं. आता सगळं बुडतंच आहे तर निदान ढोलाच्या तालावर तरी बुडतंय, असं काहीसं तिला वाटलं.

"अकराशे!" भाऊ उभे राहिले. आता त्यांना केक नको होता, इज्जत हवी होती.

"बाराशे!"

धडाम.

भाऊंनी मागे पाहिलं. त्यांची बायको बायकांच्या ओळीत येऊन बसली होती, आणि अकराशेचा केक कोण खाणार आहे, हे तिला आत्ता कळत होतं. भाऊ हळूच खाली बसले.

"एक वार," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा होता. "दोन वार. तीन—"

"थांबा!" भाऊंनी हात वर केला. "गुर्जी, तुमचाच नेम हाय. थकबाकीदाराला बोली न्हाई. ह्या श्रीमंताचं नाव चौकात बोर्डावर हाय का न्हाई? त्याची बोली धरता कशी? केक माजा!"

ढोलकऱ्याचा हात वरच राहिला. बोर्डाचं नाव निघालं आणि लोकांच्या नजरा श्रीमंतवरून सरकत जेनिफरवर गेल्या. ती खांबाला टेकून उभी होती. तिने मान खाली घातली. मेरीला वाटलं, संपलं. आता उद्याची फाईल गेली, गाळा गेला, आणि पोर जन्मभर ओढ्याच्या वाटेने चालणार.

गुरुजींनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाला पुसला. मेरी या माणसाबरोबर सव्वीस वर्षं नांदत होती. चष्मा असा पुसला की पोरांना गणिताचा पेपर अवघड जाणार, हे तिला ठाऊक होतं.

"चेअरमनसाहेबांचा आक्षेप बरोबर आहे," गुरुजी म्हणाले.

"दाजी!" श्रीमंत म्हणाला. पाच वर्षांत दाजींशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द.

"थांब श्रीमंत." आणि हा दाजींचा पहिला. "नियम म्हणजे नियम. श्रीमंत साळवे थकबाकीदार असेल तर त्याची बोली बाद. मग आधीची बोली राहते. म्हणजे केक रंभाजीभाऊंचा. अकराशे रुपये रोख, इथे, आत्ता."

भाऊंच्या बायकोने पदर खोचला.

"आणि थकबाकीदार नसेल," गुरुजी पुढे म्हणाले, "तर केक श्रीमंतचा, आणि बाराशे त्याने भरायचे. आता तो थकबाकीदार आहे की नाही, हे मी ठरवणार नाही. तो माझा मेव्हणा आहे, मी त्याचा जामीनदार, माझं नावही त्याच बोर्डावर आहे. पत्र्याचा बोर्ड काही उठून साक्ष देणार नाही. ज्या संस्थेचा बोर्ड, तिचे चेअरमन इथे बसलेत. भाऊ, तुम्ही देवाच्या मांडवात, सगळ्या गावासमोर सांगा. आज तारखेला संस्थेचं श्रीमंत साळवेकडे काही येणं आहे?"

आता कुठं घोडं पेंड खातंय, ते सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. मागच्या रांगेत कुणीतरी शीळ घातली. भाऊंनी "हाय" म्हणावं तर अकराशे गेले, वर पावती घरात असताना देवळात खोटं बोलल्याचं पाप. "न्हाई" म्हणावं तर भरल्या मांडवात तिन्ही नावं धुऊन निघाली. मेरीने नवऱ्याकडे पाहिलं. तीन पानी अर्ज लिहिणारा हा माणूस, आणि तो एवढंसं कोडं कुठल्या खिशात घेऊन बसला होता? तिला इतका अभिमान वाटला की तिने शेजारच्या बाईचा हात दाबला. शेजारी गोजरबाई होत्या. त्यांनीही दाबला. तेही पहिल्यांदाच.

भाऊंनी केककडे पाहिलं. मग त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"संस्थेचं येनं न्हाई," ते म्हणाले. "बेबाक हाय. त्यो बी, गुर्जी बी, आन् पोरगी बी. मी खोटं बोलनार न्हाई."

मांडव फुटायचा बाकी राहिला. पण भाऊंनी पुन्हा हात वर केला.

"संस्थेचं न्हाई. माजं हाय!" त्यांचा आवाज चिरकला. "माज्या पोराची वरात ह्यानं वेशीत टाकली. वेशीपासून घरापतूर वाजवायचं राहिलंय. त्ये येनं कोन फेडनार? आजून लोक मला इचारत्यात, भाऊ, दौंडची गाडी गेली का?"

श्रीमंतचा चेहरा पडला. मेरीने तो असा कधी पाहिला नव्हता. तो पुढे आला आणि भाऊंच्या पायाशी बसला.

"भाऊ, चुकलो. लई चुकलो. दोन्ही सुपाऱ्या घेतल्या, आन् तुमाला आपलं समजून तुमचीच टाकली. परक्याची टाकायचं धाडस झालं न्हाई." मग त्याने मान वर केली, आणि ते हसू हळूहळू परत आलं. "पर भाऊ, आता फेडतो की. आत्ताच. प्रशांतदादा कुटं हायेत?"

"आत्ता? आरं त्याला लेकरू झालं!"

"मग लेकरू बी घ्या!"

पण त्याआधी बाराशे भरायचे होते. श्रीमंतने खिसे चाचपले, मग बहिणीजवळ येऊन कुजबुजला, "अक्का, तुज्याकडं किती हायेत?"

"मेल्या!"

"सुपारीच्या इसाराचे आठशे हायेत माज्याजवळ. वरचं..."

मेरी काही बोलायच्या आत गोजरबाईंनी कमरेचा बटवा सोडला, नोटा मोजल्या आणि दानाच्या ताटात आपटल्या. "घ्या. आमच्या घरचा केक हजाराच्या वर ग्येला, आसं आमच्या सात पिढ्यांत झालं न्हाई." मग श्रीमंतकडे वळून म्हणाल्या, "ह्ये तुला उसनं न्हाई. तुला उसनं देनारी मी येडी न्हाई. ह्ये द्येवाला."

*

वरातीमागून घोडं म्हणतात, इथे घोड्यामागून पाच वर्षांनी वरात निघाली. घोडा मिळाला नाही, म्हणून प्रशांतला राजदूत मोटारसायकलवर बसवलं. मागे त्याची बायको दीपा, लाजून लाल झालेली, आणि टाकीवर तीन वर्षांचं पोर, भाऊंचा फेटा घालून. तो फेटा पोराच्या नाकापर्यंत यायचा, आणि ते दर चार पावलांनी तो वर करून कुठे आलो ते बघायचं. पुढे श्रीमंत, तोंडाला ट्रम्पेट, गाल फुगलेले. सण हंगामाचा, गाणं लग्नाचं, माणसं देवळातली आणि बाजारातली, आणि मध्ये गोजरबाई, ज्या नाचत नव्हत्या, फक्त पाय जरा जास्त उचलून चालत होत्या.

भाऊ जीपमध्ये बसले नाहीत. ते पायी चालले, हातात केक. श्रीमंतने तो शेवटी त्यांच्याच हातात दिला होता, आणि भाऊंनी काचा वर न करता, उघड्या रस्त्यावर, बायकोच्या देखत एक तुकडा मोडून तोंडात टाकला. तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

वेशीतून वरात चौकात आली. भाऊंचं घर पुढे होतं, पण चौकात ते थांबले. केक बायकोकडे दिला आणि चहावाल्याच्या स्टोव्हचं रॉकेल एका फडक्यावर ओतून घेतलं.

"मार्चातला नेम?" गुरुजींनी विचारलं.

"नेम मीच केला, मीच मोडतो," भाऊ म्हणाले. "पुना तुमचा पेपर नको, गुर्जी."

त्यांनी आधी श्रीमंतचं नाव घासलं. ते लवकर गेलं. मग गुरुजींचं. गुरुजी टोपी काढून उभे होते, जणू कुणाचा तरी दफनविधी चाललाय. तिसऱ्या नावापाशी भाऊ थांबले, मागे वळले, आणि गर्दीत जेनिफरला शोधलं. ती सगळ्यांत मागे होती. पण या वेळी ती चौकात आली होती.

"पोरी, ह्ये तुजं तू पूस."

जेनिफर पुढे आली. मेरीला वाटलं, पोर रडेल. ती रडली नाही. तिने फडकं घेतलं, बाह्या वर सारल्या, आणि खरकटं भांडं घासावं तसं ते नाव घासलं. लाल रंग फडक्यातून तिच्या बोटांवर उतरला, मनगटावर ओघळला. श्रीमंतने ट्रम्पेट खाली घेतलं होतं, फक्त फडक्याचा आवाज येत होता. मग शेवटचं अक्षर गेलं, आणि बोर्डाच्या त्या जागी नुसता काळा पत्रा उरला, ओला, उन्हात चमकणारा.

"वाजव रं!" भाऊ ओरडले. "आजून घर लांब हाय!"

मेरीला रडू आलं ते तेव्हा. ती मोठ्याने रडली, आणि रडता रडता तिला कळलं की आपण नाचतोय.

*

सोमवारी राधाकृष्ण साहेब चहा पिऊन बँकेत आले ते हसतच. चौकातला बोर्ड त्यांनी पाहिला होता, आणि चहावाल्याने बाकीचं सांगितलं होतं. त्यांनी फाईल उघडली, सही केली आणि कागद जेनिफरपुढे सरकवला.

"इथे, बाई. फुली केलीय तिथे."

जेनिफरने पेन घेतलं नाही. तिने कागद जवळ ओढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. एक पान, दुसरं पान. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मेरीकडे पाहिलं. मेरीने खिडकीकडे पाहिलं. पोरीने मागची बारीक छपाईसुद्धा सोडली नाही, एका ठिकाणी बोट ठेवून अर्थ विचारला, तो कळल्यावर मान हलवली, आणि मग पेन उचललं.

तिची बोटं अजून तांबडी होती. साबणाने, चुलीतल्या राखेने, कशानेच ती गेली नव्हती.

"हाताला काय लागलंय?" साहेबांनी विचारलं. "मेंदी?"

"माझं नाव, साहेब," जेनिफर म्हणाली. तिने सही केली, आणि सहीखाली एक झोकदार रेघ ओढली.